तांबी कोणाच्या नावावर?

सिडकोच्या घरांत सरकारने जवळपास सगळं दिलं होतं. नळ दिला, ओटा दिला, मागे कपडे वाळत घालायला हातभर अंगण दिलं. दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीत दार बसवायचं तेवढं राहून गेलं होतं. त्यामुळे नवरा-बायकोला काही खाजगी बोलायचं झालं, की एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने पाण्याच्या आवाजाआड बोलून घ्यायचं, अशी पद्धत यशोधरा आणि रंगनाथ यांनी पाडून घेतली होती. पद्धत चांगली होती. अडचण एवढीच, की नळाला पाणी सकाळी जेमतेम कळशा भरेपर्यंत यायचं. संसारातले सगळे गंभीर निर्णय तेवढ्यात उरकावे लागत.

"अहो, मला एवढ्यात दुसरं मूल नकोय," यशोधरा हंड्यावर वाकून म्हणाली.

"मला तरी कुठं पाहिजे?"

"मग काहीतरी करायला हवं ना?"

"करू की," रंगनाथ म्हणाला, आणि डबा घेऊन अंबडच्या कारखान्यात निघून गेला. 'करू की' म्हटलं म्हणजे अर्धं काम झालं, अशी त्याची पहिल्यापासून समजूत होती.

यशोधराला मात्र घाई होती. गेल्या वर्षी तिला बी.एड.ला प्रवेश मिळाल्याचं कळलं आणि पोटात राहुल असल्याचंही लगेचच कळलं. दोघांत राहुल जास्त हट्टी निघाला. यंदा कॉलेजने पुन्हा जागा दिली होती, पण प्राचार्यबाईंनी चष्म्यावरून तिला आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, "यंदा नक्की ना? पुन्हा जागा अडवून ठेवता येणार नाही हं." यशोधरा ठामपणे "नक्की" म्हणून आली होती. हे नक्की कशाच्या जोरावर, ते तिलाच ठाऊक नव्हतं. जूनला कॉलेज सुरू होणार, राहुल आता पाच महिन्यांचा, अंगावर पिणारा.

(यशोधराच्या मुलाचं नाव राहुल कसं, असं कोणी विचारू नये. सिद्धार्थ गौतमाची यशोधरा, तिचा राहुल; तेव्हा आईचं नाव कळताच अख्ख्या कॉलनीने ते परस्पर ठरवून टाकलं होतं. बारशाला तिने 'समीर' सुचवून पाहिलं, तेव्हा बायकांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तिने स्वतःच पाळणा हलवून 'राहुल' म्हटलं.)

यशोधरा स्वभावाने सावध. बाळाचा चमचा दोनदा उकळणार, बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणार, आणि बोटाने बाळ जागं झालं की स्वतःवर चिडणार. अशा बाईने या बाबतीतही आधी पुस्तकाकडेच धाव घ्यावी, हे ओघाने आलं. वाचनालयातून तिने बालसंगोपनाचं जाडजूड पुस्तक आणलं. दात येणे होतं, गोवर होता, लंगोट कसा बांधावा याच्या आकृत्या होत्या. 'स्तनदा मातेने घ्यावयाची संततिनियमनाची काळजी' हे प्रकरण अनुक्रमणिकेत होतं. पुस्तकात नव्हतं. कोणीतरी ती पानं व्यवस्थित कापून नेली होती. नाशिकमधल्या कुठल्यातरी घरात एक सुशिक्षित बाई ती पानं कपाटाच्या कागदाखाली ठेवून निश्चिंत झोपत असणार, या विचाराने यशोधराचा जळफळाट झाला. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, असंही तिला वाटून गेलं.

आता घरात तिसरं माणूस होतं ते म्हणजे सासूबाई, सगुणाबाई. यशोधरा त्यांना आत्याबाई म्हणायची. विंचूरकडच्या गावाहून त्या नातवाला बघायला म्हणून आल्या होत्या आणि 'कांदा काढायला आला की जाते' असं रोज सांगत राहिल्या होत्या. नळाच्या आवाजाआडचं त्यांना कधीच ऐकू जात नसे. निदान यशोधरा तसं समजत होती.

"पोरगं अंगावर पीतंय तवर काय बी होत नाय," त्याच दिवशी त्या भाकरी थापता थापता भिंतीकडे बघून म्हणाल्या. "आमच्या येळंला कुटं गोळ्या व्हत्या? रंगा लय दिस प्याला. चालायला लागला तरी येऊन पदर वढायचा. तवर इचारच नाय दुसऱ्याचा."

यशोधराला तेवढाच धीर आला. तो टिकला असता. पण मागच्या अंगणाच्या भिंतीवरून सिंधुबाईंचं डोकं वर आलं. सिंधुबाई शेजारच्या. ही भिंत पुरुषभर उंच होती आणि सिंधुबाई पाच फुटांच्या आत. तरी त्यांचं डोकं दिवसातून कितीतरी वेळा वर यायचं. पलीकडे त्यांनी खास घमेलं पालथं घालून ठेवलं होतं.

"काय सांगता आजी! आमचा मधला अंगावर पीतच होता की. पाळीपण आली नव्हती. पोटात गुडगुडायला लागलं तर मला वाटलं, गॅस झालाय. ओवा खाल्ला, हिंग लावला."

"मग?" यशोधराने श्वास रोखून विचारलं.

"मग काय? तो गॅस आता बालवाडीत जातो."

त्या क्षणापासून यशोधराला मळमळायला लागलं. फोडणीचा वास आला की मळमळे, साबणाचा वास आला की मळमळे, आणि कशाचाच वास आला नाही की आज वास का येत नाही या काळजीने मळमळे. बाळंत झाल्यापासून पाळी आलेली नव्हती. ती पाजण्यामुळे आली नाही की दुसऱ्या कारणामुळे, हे कळायला काही मार्ग नव्हता.

गोळ्यांचा विषय दुसऱ्या दिवशीच्या नळाला निघाला. रंगनाथच्या कारखान्यातल्या निवृत्तीची बायको गोळ्या घ्यायची.

"तिचं बाळ अंगावर पितं का?"

"ते मी कसं विचारणार निवृत्तीला?" रंगनाथ म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"गोळ्यांनी दूध आटतं," सगुणाबाई चौकटीत येऊन म्हणाल्या. नळ जोरात सुरू होता. "आन माझ्या नातवाचं दूध आटलं तर म्या काय कांद्याची पात पाजू का त्याला?"

आत्याबाईंना सगळं ऐकू जातं, हे त्या दिवशी कळलं. गेल्या पाच महिन्यांत नळाखाली आपण काय काय बोललो, ते आठवत यशोधरा बराच वेळ रिकाम्या कळशीशी उभी राहिली.

राहता राहिला रंगनाथने वापरायचा उपाय. तो मेडिकलच्या दुकानातून आणायचा होता. कारखान्यात रंगनाथ टनभर वजनाचा साचा एका हाताच्या इशाऱ्याने क्रेनवरून उतरवून घेई, असा माणूस. तो दुकानासमोर गेला आणि बघतो तर गल्ल्यावर कॉलनीतल्याच विहाराच्या कमिटीचे खजिनदार.

"जय भीम. काय देऊ रंगनाथराव?"

"जय भीम. ग्राइप वॉटर," रंगनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो शालिमारला गेला. तिथे दुकानात सगळ्या बायकाच होत्या. ग्राइप वॉटर. मग पार पंचवटीत, जिथे त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं, अशा दुकानात गेला. तिथल्या मालकाने आपुलकीने विचारलं, "लहान बाळ आहे वाटतं घरी?" या एका वाक्यासमोर त्याचा निर्धार पुन्हा विरघळला. घरात फडताळावर ग्राइप वॉटरच्या बाटल्यांची रांग लागली. सगुणाबाई खूश. "बापाला पोराची काळजी हाय," त्या सिंधुबाईंना सांगू लागल्या. यशोधरा त्या रांगेकडे बघे आणि तिला वाटे, या घरात पोटदुखी तेवढी कोणाला होणार नाही.

सिंधुबाईंना दुसऱ्याचं दुःख फार वेळ एकटीने सोसवत नसे. त्यांनी ते लताबाई नर्सच्या कानावर घातलं. लताबाई पांढरी साडी, काळी छत्री आणि काखेत पिशवी अशा थेट स्वयंपाकघरातच येऊन बसल्या.

"तांबी बसवून घे," त्यांनी चहा यायच्या आत निकाल दिला. "गर्भाशयात बसवतात, बारीकशी असते. पाहिजे तेव्हा काढता येते. दुधाला काही होत नाही. मार्च संपायच्या आत बसव म्हणजे झालं."

"मार्च संपायच्या आत का?"

लताबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. मग जे बाहेर पडलं त्याचा तांबीशी संबंध कमी आणि सरकारशी जास्त होता. लताबाईंना वर्षाला ठरावीक केसेस आणायच्या होत्या. मार्च संपत आला होता, केसेस कमी पडत होत्या, आणि साहेब मीटिंगमध्ये नाव घेऊन उभं करत होते. "तू शिकलेली, समजूतदार, स्वतःहून तयार. अशी केस मला वर्षात मिळालेली नाही गं," त्या गहिवरून म्हणाल्या. यशोधराकडे आजवर कोणी इतक्या प्रेमाने बघितलं नव्हतं. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा नाही.

त्या गेल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "दुधाला काय होत नाय म्हनते. म्हननारच. तिला मार्च हाय."

"आणि सातपूरच्या एका बाईची तांबी वर सरकत सरकत डोक्यात गेली," भिंतीवरून सिंधुबाई म्हणाल्या. "तांब्याची ना ती! तिला आता वीज कडाडायच्या आधीच कळतं."

तरी यशोधराने तांबीचंच मनावर घेतलं. काढता येते, हा मुद्दा तिला पटला होता. ती दुसऱ्या दिवशी लताबाईंच्या केंद्रात जाऊन उभी राहिली, तेव्हा नवीन खोच निघाली.

"पाळी आली की लगेच ये. पाळीतच बसवतात."

"पाळी येत नाही हो. पाजतेय ना."

"मग आली की ये."

"आणि यायच्या आधीच दिवस राहिले तर?"

लताबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर मग बाळंतपण झाल्यावर ये."

तर्कशास्त्र हा यशोधराचा बी.ए.ला विषय होता. त्यात असल्या चक्राला एक लॅटिन नाव होतं. ते आठवायचा प्रयत्न करत ती तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघून लताबाईंना मार्च आठवला असावा. "किंवा असं कर, लघवी तपासून आण. दिवस नाहीत असा रिपोर्ट असला, तर डॉक्टरीणबाई तशीही बसवतात."

इथपर्यंत हे प्रकरण निदान बायकांत होतं. संध्याकाळी देवराम गुरुजी आले. समोरच्या ओळीत राहायचे, नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे, विहारात दर रविवारी वंदना घ्यायचे. कॉलनीत त्यांना मान होता.

"वहिनी, तुम्ही सुशिक्षित," ते रंगनाथच्या शेजारी खुर्चीत बसून म्हणाले. "तुम्ही समाजापुढे आदर्श ठेवायला पाहिजे. थेट ऑपरेशनच का करत नाही?"

"गुरुजी, मला एकच मूल आहे."

"हो का? मग नको," गुरुजींचा चेहरा पडला. लगेच उजळला. "मग तांबी तरी? त्याचं असं आहे, आम्हा शिक्षकांनाही केसेस आणायच्या आहेत, नाहीतर वेतनवाढ अडकते. तीन तांब्यांचं एक ऑपरेशन धरतात. दोन मला मिळाल्यात. तुमची तेवढी माझ्या नावावर..."

 यशोधराला आतून लागलं. बी.ए. दुसऱ्या वर्गात पास झालेली, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वात ढाल मिळवलेली बाई सरकारदरबारी एक तृतीयांश माणूस धरली जाते, हे पचवायला वेळ लागतो.

"ती लताबाईंची केस आहे गुरुजी," भिंतीवरून सिंधुबाई म्हणाल्या. या वेळी त्यांचं डोकं पुढच्या खिडकीत आलं होतं. तिथे कुठलं घमेलं होतं कोण जाणे.

गुरुजींनी हार मानली नाही. रविवारी विहारात वंदना झाली, सगळे उठू लागले, तेव्हा ते हात वर करून म्हणाले, "एक मिनिट. आपल्या कॉलनीतली एक सुशिक्षित भगिनी लवकरच कुटुंबनियोजनाच्या राष्ट्रीय कार्यात पाऊल टाकणार आहे. मी नाव घेत नाही." नाव घ्यायची गरजच नव्हती. कॉलनीत सुशिक्षित भगिनी दोनच होत्या आणि दुसरी पासष्टीची होती. सगळ्या माना यशोधराकडे वळल्या. पासष्टीच्या बाईंनीसुद्धा वळून बघितलं, सुटल्यासारखं. यशोधराने राहुलच्या टोपड्याची गाठ सोडली आणि बांधली, सोडली आणि बांधली.

आता माघार नव्हती. तिने फडताळावरची ग्राइप वॉटरची एक रिकामी बाटली घेतली, दोनदा उकळली, सकाळी त्यात नमुना घेतला. घोटाळा होऊ नये म्हणून बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधून ती फडताळाच्या कडेला ठेवली. आणि रंगनाथला नळाखाली तीनतीनदा सांगितलं, दोऱ्याची बाटली. पण पाण्याचा आवाज मोठा होता आणि रंगनाथला कारखान्याची पाळी गाठायची होती. त्याने फडताळावर हात घातला, हाताला लागली ती बाटली पिशवीत टाकली आणि वाटेवरच्या लॅबमध्ये दिली.

तिथल्या माणसाने झाकण उघडून हुंगलं. त्याच्या भुवया वर गेल्या.

"घरी बाळंतिणीला शेपू देता का हो?"

"रोज," रंगनाथ अभिमानाने म्हणाला. "आई करते."

"वाटलंच," तो माणूस म्हणाला, आणि बाटलीवर नाव लिहून त्याने ती आत ठेवली.

संध्याकाळी रंगनाथ उड्या मारत घरी आला. रिपोर्ट निगेटिव्ह! यशोधराने तो पुन्हा पुन्हा वाचला. तिची मळमळ जागच्या जागी थांबली. फोडणीचा वास आला तर चक्क भूक लागली. तिने कॉलेजला न्यायच्या वह्यांना घालायला कागद कुठे आहेत, ते शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात राहुल पोटात कळ आल्यासारखा रडायला लागला. सगुणाबाईंनी त्याला मांडीवर आडवा घेतला, फडताळावरून बाटली काढली, चमचा भरला.

"ह्ये पानी असं पिवळं कसं झालं गं?" त्या उजेडात चमचा धरत म्हणाल्या. "जुनं झालं वाटतं. असू दे. थोडं दिऊन बघते."

यशोधराला बाटलीच्या गळ्यातला काळा दोरा दिसला.

पुढे काय झालं, ते ती स्वतःसुद्धा नीट सांगू शकत नसे. ती कपाटापाशी होती आणि एकदम मांडीपाशी होती. चमचा उडून तव्यावर पडला, बाटली मोरीत गेली, राहुल घाबरून रडायचा थांबला, आणि खिडकीतून सिंधुबाई म्हणाल्या, "अगं बाई! काय झालं?"

राहुलला एक थेंबही लागला नव्हता. हे यशोधराने त्याच्या ओठांना, जिभेला, कानामागे, सगळीकडे हुंगून पाहिलं. मग तिघांच्याही डोक्यात एकाच वेळी दुसरा प्रश्न उगवला. ही बाटली इथे होती, तर तपासलं काय?

 ग्राइप वॉटरला दिवस नाहीत, एवढं मात्र प्रयोगशाळेने सही-शिक्क्यानिशी सांगितलं होतं.

यशोधरा ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि तिला रडू आलं. अगदी लहान मुलासारखं, आवाज करून. "मला हसू नका," ती म्हणाली, खरं तर कोणीच हसत नव्हतं. "माझी जागा परत जाईल. तिसऱ्यांदा कोणी देणार नाही. मी काय कायमची या नळावरच उभी राहू का?"

रंगनाथ रिपोर्टाची घडी घालत आणि उलगडत राहिला. सगुणाबाई तव्यावरचा चमचा काढून घासायला लागल्या. तो एक चमचा त्यांनी राखेने कितीतरी वेळ घासला.

"उंद्या बाटली म्या नेते," शेवटी त्या म्हणाल्या. "या बाप्याच्या हातात काय देऊ नये."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी त्या नव्या नमुन्याची बाटली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून निघाल्या, गाठीवर मूठ धरून. लॅबमध्ये त्यांनी ती स्वतः त्या माणसाच्या हातात दिली आणि समोरच्या बाकावर मांडी घालून बसल्या. "रिपोर्ट संध्याकाळी," तो म्हणाला. "मला काय घाई नाय," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर त्याच्याकडे बघत राहिल्या. दुपारी त्याने डबाही त्यांच्या नजरेखालीच खाल्ला. रिपोर्ट नेहमीपेक्षा थोडा लवकर मिळाला. निगेटिव्ह. या वेळी माणसाचा.

सरकारी दवाखान्यात निघायच्या दिवशी घराच्या दारात गर्दी होती. लताबाई छत्री घेऊन हजर. देवराम गुरुजी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. रंगनाथला कारखान्यात जायचं होतं म्हणून तो सुटला. सगुणाबाई राहुलला कडेवर घेऊन आल्या. रिक्षात लताबाई यशोधराच्या उजव्या दंडाला धरून बसल्या. गुरुजींना परस्त्रीच्या दंडाला धरता येईना, म्हणून त्यांनी तिची पिशवी घट्ट धरली. दवाखान्यापर्यंत दोघांनी आपापला भाग सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मात्र सगुणाबाई पुढे झाल्या. कोणी बोलवलं नव्हतं, पण त्या आत शिरल्या आणि टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, तुमाला बी मार्च हाय का?"

"म्हणजे?" डॉक्टरीणबाई दमलेल्या दिसत होत्या.

"केशी मोजायच्या असतात ना तुमाला?"

"आजी, माझी बदली झालीय. मला आता कसलंच काही मोजायचं नाही."

सगुणाबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मंग खरं सांगा. दूध आटंल का?"

"तांबीनं? नाही. तांबी खाली बसते, दूध वर येतं. दोघींची ओळखसुद्धा होत नाही. त्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, म्हणून पाजत असताना त्या नकोत. तुमच्या सुनेनं बरोबर निवडलंय."

"आन पाजताना दिवस ऱ्हात न्हाईत, ते?"

"पहिले काही महिने, नुसतं अंगावर असेल आणि पाळी आली नसेल, तर बहुतेक राहत नाहीत. तुमचं अगदीच खोटं नाही. पण बाळ वरचं खायला लागलं, की त्याच्यावर विसंबू नये."

सगुणाबाई आणि भिंतीपलीकडच्या सिंधुबाई दोघी एकाच वेळी बरोबर निघाल्या होत्या. यशोधराला हे पुस्तकात मिळालं असतं, पान असतं तर.

"आन डोस्क्यात? सातपूरच्या बाईला ईज कडाडायच्या आधी कळतं म्हनं."

"मलाही कळतं आजी. आधी अंधारून येतं."

सगुणाबाई उठल्या. "बसवा," त्या म्हणाल्या.

आत पडद्यामागे काय झालं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. छत बघायचं, लांब श्वास घ्यायचा, पोटात एक कळ येऊन जाते. पहिल्या पाळ्या जास्त जातील, दुखलं खुपलं तर ये, महिन्याने तांबीचा दोरा जागेवर आहे ना, ते तपासून जा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण किती घरं, किती माणसं, किती बाटल्या हलवल्या, या विचाराने यशोधराला तिथेच पडल्या पडल्या हसू फुटलं. हसू नका, हलतं, असं नर्सने दटावलं.

ती पोटावर हात धरून बाहेर आली, तर कारकुनाच्या टेबलापाशी युद्ध पेटलेलं.

"घरी जाऊन समजावलं कोणी? मी!" लताबाई.

"वैचारिक भूमिका कोणी तयार केली? विहारात जाहीर कोणी केलं?" गुरुजी.

"जाहीर केलं म्हणून तर ती पळून जाणार होती!"

"माझी तिसरी आहे हो ताई! हिच्याशिवाय माझं ऑपरेशन पूर्ण होत नाही!" गुरुजी इतक्या कळवळून बोलले, की बाकावरचे पेशंट त्यांच्याकडे सहानुभूतीने बघू लागले.

कारकुनाने टाक खाली ठेवला. "हे बघा, प्रवर्तक, म्हणजे केस आणणारा, एकच लिहिता येतो. बाई, तुम्हीच सांगा. तुम्हाला इथे कोणी आणलं?"

सगळ्यांनी यशोधराकडे पाहिलं. महिनाभर चाललेल्या या प्रकरणात तिला कोणी काही विचारावं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिने लताबाईंकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. मग ताठ उभी राहिली; पोटात जरा कळ आली, तरी.

"मी स्वतःच आले," ती म्हणाली. "माझंच नाव लिहा."

"तसं नाही चालत. केस आणि प्रवर्तक एकच माणूस नसतो. तसा नियमच नाही."

"म्हणजे माझ्या मनानं मी आले, हे तुमच्या नियमात बसतच नाही?"

"बाई, जागा एवढीशी आहे. त्यात मन कुठं लिहू?"

 यशोधराची वक्तृत्वाची ढाल घरी पत्र्याच्या पेटीत होती. तेवढ्यात तिच्या आणि टेबलाच्या मध्ये सगुणाबाई येऊन उभ्या राहिल्या, कडेवर राहुल.

"कोनी आनली काय इचारता? बाटली कोनी वागवली? त्या तपासनीस बाबापुढं दिवसभर कोन बसलं? डाक्टरीनबाईला इचारलं कोनी? म्या आनली. लगीन करून घरात म्या आनली, आन हितं बी म्याच आनली. लिवा, सगुणाबाई."

"आजी, अहो, मला..." गुरुजी काकुळतीला आले.

सगुणाबाई त्यांच्याकडे वळल्या. "मास्तर, तुमाला किती लेकरं?"

गुरुजींनी छताकडे पाहिलं.

"सांगा की. किती?"

"पाच," गुरुजी म्हणाले. आवाज अगदी शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

"मंग मास्तरीणबाईला घिऊन या. तुमचं तुमाला पुरून उरंल. बाहेर कशापायी हिंडता?"

लताबाई इतक्या खूश झाल्या, की केस गेल्याचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. कारकुनाने पुढे बोलणं टाळून नाव लिहिलं आणि शाईचं पॅड सरकवलं. सगुणाबाईंनी अंगठा उठवला, तो फुंकून वाळवला आणि विचारलं, "आता म्या काय करायचं?"

"काही नाही आजी," कारकून कंटाळून म्हणाला. "ही तुमची केस. लक्ष ठेवा म्हणजे झालं."

त्या माणसाने हे वाक्य सहज, पुढच्या कागदाकडे हात नेता नेता टाकलं होतं. सगुणाबाईंनी ते सरकारी हुकूम म्हणून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी यशोधराला हंडा उचलू दिला नाही. महिन्याने स्वतः तिला दोरा तपासायला घेऊन गेल्या. दूध आटलं नाही, हे त्या राहुलचं वजन हाताने उचलून उचलून भिंतीवरच्या डोक्याला दाखवत राहिल्या. कांदा निघाला, चाळीत भरला गेला, गावाहून दोनदा निरोप आला. पण त्या गेल्या नाहीत. "मला हितं काम हाय," त्या सांगत. "माझी केस हाय."

जूनला कॉलेज उघडलं, त्या सकाळी राहुलने दारात भोकाड पसरलं आणि यशोधराचा पाय उंबऱ्यात अडला. ती परत वळली.

"जा तू," सगुणाबाईंनी तिची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. "सरकारनं तुला माझ्या नावावर लिवलीय. त्यो रडंल आन गप बसंल. दुपारच्या सुट्टीला घिऊन येते पाजायला."

आणि त्या आल्या. मधल्या सुट्टीत यशोधरा व्हरांड्यात पोचली, तर कॉलेजच्या फाटकाशी मुलींचा हा घोळका. बहुतेक बिनलग्नाच्या, इस्त्रीच्या साड्यांतल्या, कानांत जीव आणून ऐकणाऱ्या. घोळक्याच्या मध्ये सगुणाबाई, कडेवर राहुल, आणि दुसरा हात हवेत फिरवत त्या तांबी कुठे बसते आणि कुठे बसत नाही, ते समजावून सांगत होत्या. प्राचार्यबाई जिन्यावर चष्मा हातात धरून उभ्या होत्या. शिपाई घोळक्यातून वाट काढत विचारत होता, "ओ आजी, तुम्ही कोण? कोणाकडे आलात?"

सगुणाबाईंनी राहुलला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि व्हरांड्यात थिजून उभ्या असलेल्या यशोधराकडे बोट केलं.

"म्या?" त्या म्हणाल्या. "म्या त्या बाईची प्रवर्तक."